तीन नंबरचा तांबडा दिवा

"पंखा बंद कर आधी! तुझ्या बापाचं काय जातंय, नाही का!" बाबा दारातनंच ओरडले.

"माझा बाप तुम्हीच की," मी म्हटलं. "तुमचंच जातंय."

बहीण फिस्सकन हसली आणि लगेच पुस्तकात तोंड खुपसलं. मी फरशीवर उताणा पडलो होतो, पंख्याच्या बरोबर खाली, कारण तीच एक जागा थंड असते. बाबांनी हातातलं विजेचं बिल माझ्या पोटावर आपटलं.

"शाळा सोडलीत, ठीक. गॅरेजात मिस्तरीशी भांडून आलात, तेही ठीक. आता दिवसभर लोळायचं, वर पंखा, कानात गाणी, हातात फोन. राजे, हे बिल तुमचं आहे."

"माझ्या एकट्याचं? आई इस्त्री करते. ही पहाटेपासून दिवा लावून बसते."

"ती शिकते!"

हे असं असतं आमच्याकडे. 'ती शिकते' म्हटलं की विषय संपला, आणि मीही संपलो. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "पुढच्या महिन्यात बिल खाली आणून दाखवतो, नाही आणलं तर माझं नाव घेऊ नका."

"आताही कोण घेतं," आई आतनं म्हणाली.

मला राग आला की मी काहीही करू शकतो. माफी सोडून. दुसऱ्या दिवसापासून मी घरात वीज खात्याचा साहेब झालो. फोनवर व्हिडिओ बघून बघून सगळं शिकलो. फ्रिज घरमालकाचा, आमच्याआधीच्या भाडेकरूच्याही आधीचा. त्याचं दाराचं रबर सैल, म्हणून गरम पाण्यात फडकं भिजवून ते शेकून शेकून बसवलं. फ्रिज भिंतीला चिकटून होता तो पुढे ओढला, मागच्या जाळीवरची धूळ झाडली. त्या धुळीत एक बांगडी आणि मेलेली पाल निघाली. खिडकीला पडदा लावायचा तर मालकाचा नियम, भिंतीत खिळा ठोकायचा नाही. मग गजांना दोरी बांधून जुनी चादर सोडली आणि दुपारी तिच्यावर पाणी मारत बसलो. टीव्हीचा तो झोपेतला लाल ठिपका बंद केला. चार्जर दिसला की उपटला. इस्त्री आठवड्यातनं एकदा, सगळ्यांची एकदम. बाबांचा शर्ट चुरगळलेला राहिला तर म्हटलं, टेम्पो चालवताना तुम्हाला बघायला कोण येतंय.

बहिणीला जिन्यात बसवलं अभ्यासाला. जिन्यातला दिवा मालकाचा.

"तू माझं वाटोळं करशील," ती म्हणाली.

"तू शिकतेस ना? मग शीक. उजेड उजेडच असतो."

आई हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला आहे. घरी आली की तिच्या अंगाला वाफेचा भपका येत असतो, पंख्याखाली बसते. मी पंखा एकवर ठेवायचो. एकदा ती म्हणाली, "अरे, तिथे तरी इस्त्रीचा वारा लागतो." सगळे हसले. मी नाही हसलो. माझी जिद्द होती.

आणि बिल आलं. मागच्यापेक्षा मोठं.

बाबा ओरडले नाहीत, तेच वाईट झालं. हसले. इतके हसले की खोकला लागला. "वा! पंखा बंद करून बिल वाढवलं! हा पहिला माणूस! अगं, हार आण!" बहीण पुस्तक उचलून जिन्यातनं आत आली आणि सगळे दिवे लावत गेली, एकेक, माझ्याकडे बघत.

आज सकाळची गोष्ट आता.

मी ठरवलं, मीटरच बघतो. मीटर खाली जिन्याखाली, लाकडी पेटीत, चार एका ओळीत. एक मालकाचा, दोन जिन्यातल्या दिव्याचा आणि पाण्याच्या पंपाचा, तीन आमच्या खोलीचा, चार समोरच्या शिवणकाकूंचा. आम्ही राहायला आलो त्याच्या आधी मालकाने पेटी रंगवून घेतली होती. पांढऱ्या रंगात मोठे आकडे, तीनचं पोट फुगलेलं. प्रत्येक मीटरला एक तांबडा दिवा, वीज चालली की लुकलुकतो. जास्त चालली की भराभर.

मी वर आलो. आमच्या दारामागचा मेन स्विच खाली पाडला. पंखा थांबला, फ्रिज गप्प. बहीण ओरडली, तिला म्हटलं, "हात लावू नकोस." खाली पळत गेलो.

तीन नंबर लुकलुकत होता. आमच्या घरात काडीची वीज चालू नाही आणि आमचा मीटर नुसता पळत होता!

मग चारकडे बघितलं. काकूंचा मीटर. त्याचा दिवा मेलेला. आणि वरनं काकूंच्या शिलाई मशीनचा आवाज तर घर्र घर्र येत होता. ती मोटारची मशीन आहे, पायाची नाही. जळक्या सुताचा वास पण येत होता, म्हणजे इस्त्रीही चालू.

मला सगळं कळलं. मला सगळं नेहमी लगेच कळतं.

मालकाला बोलावलं. त्यांना आम्ही किल्लीवाले म्हणतो, कमरेला जुडगा असतो, चालले की बैलगाडी आल्यासारखं वाटतं. त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "अरे तिच्या!" म्हणाले.

"तुम्ही इथेच थांबा," मी म्हटलं. "तीनवर डोळा ठेवा. थांबला की ओरडा."

जिना दोनदोन पायऱ्या चढून गेलो. काकूंचं दार उघडंच असतं, दिवसा दिव्याची गरज नको म्हणून मशीन उंबऱ्याला लावलेली असते. समोर गणवेशाच्या दुकानाच्या मॅडम उभ्या होत्या, त्यांच्या दोन पोरी तयार कपडे मोजून घेत होत्या. शाळा उघडायच्या आधी त्या दुकानाचं काम काकूंकडे असतं. चड्ड्यांचे, फ्रॉकचे गठ्ठेच्या गठ्ठे. पहिल्यांदाच मिळालं होतं एवढं काम, काकूच जिन्यात सांगत होत्या.

"काकू, किती दिवस चाललंय हे?"

"काय रे?"

"आमच्या मीटरवर मशीन! आमच्या मीटरवर इस्त्री! इकडे आम्ही अंधारात बसतोय आणि तुम्ही तार टाकून मजा मारताय!"

काकू मशीनवरनं हातच उचलेनात. "काय बोलतोयस? कसली तार?"

"वर परत कसली तार! चोर तो चोर, वर शिरजोर!"

हे मी बोललो. मोठ्यानं. वरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बायका कठड्यावर वाकल्या एवढ्या मोठ्यानं. बहीण माझा शर्ट ओढत होती. मी तिला झिडकारलं, काकूंच्या दारामागे हात घातला आणि त्यांचा मेन खाडकन खाली पाडला. मशीन थांबली. सुई फ्रॉकमध्येच अडकली.

खालनं किल्लीवाले ओरडले, "थांबला! तीन नंबर थांबला रे!"

"ऐकलंत?" मी सगळ्यांकडे फिरून म्हटलं. "ऐकलंत ना?"

मला इतकं बरं वाटलं होतं, काय सांगू. शाळेत कधी पहिला आलो नाही. ते असंच वाटत असणार.

 काकू नुसत्या "अहो मॅडम, अहो मॅडम" करत होत्या. आतनं खाटेवरनं त्यांच्या वडिलांनी, अप्पांनी, विचारलं, "काय गं, मशीन का थांबली?" त्यांना कमी ऐकू येतं. 

मॅडमने पोरींना डोळ्यांनी खूण केली. शिवलेले, न शिवलेले, सगळे गठ्ठे बांधायला लावले. "हे बघा बाई, माझ्या मालाचं मीटरभर कापड कमी आलं होतं मागे, मी काही बोलले नव्हते. आता मला विचार करायला पाहिजे." सुईत अडकलेला फ्रॉकही एका पोरीने ओढून काढला. दोरा तटकन तुटला. किल्लीवाले वर आले, जुडगा वाजवत, आणि "मला असले भाडेकरू नकोत" असं काहीतरी भिंतीकडे बघून बोलून गेले.

मी घरात आलो. बहीण म्हणाली, "झालं समाधान? आता मेन लाव, मी उकडून मरतेय." मी ऐटीत मेन वर केला. पंखा फिरायला लागला, फ्रिज घरघरला. म्हटलं, जरा खाली जाऊन आमचा मीटर शांतपणे चाललेला बघून येऊ. डोळे भरून.

तीन नंबर बंद होता. आणि चार लुकलुकत होता.

आधी वाटलं, घाबरल्या, आता आपल्या मीटरवर आल्या. पण त्यांचा मेन तर मीच पाडलेला. वरती मशीनचा आवाज नाही, काही नाही. मी जिन्यातनं बहिणीला हाक मारली, "ए, मेन पाड!"

"परत?"

"पाड म्हणतो ना!"

चार थांबला.

"वर कर!"

चार लुकलुकायला लागला.

"पाड!"

"दादा, तुला वेड लागलंय का? सांग तरी!"

चार थांबला. तीन तसाच मेलेला. मी पेटीसमोर उकिडवा बसलो आणि नखानं तीनचा पांढरा रंग खरवडला. फुगलेलं पोट पापुद्र्यानं निघालं. खाली काळ्या रंगात जुना आकडा होता. चार.

ज्यानं पेटी रंगवली त्यानं तीन-चारची अदलाबदल केली होती. बिल त्या आकड्यांवर वाटलं जातं, किल्लीवाले दाराखालनं सरकवतात. म्हणजे आम्ही आलो तेव्हापासून काकूंचं बिल आम्ही भरतोय आणि आमचं काकू.

मला पहिलं काय आठवलं तर हीटर.

थंडीत बाबांनी पाणी तापवायचा हीटर आणला होता. पहिलं बिल आलं तर काही वाढलेलंच नाही. बाबा सगळ्यांना सांगत सुटले, "हा हीटर वीजच खात नाही! कंपनी कंपनीत फरक असतो." मग काय, आम्ही बादल्यांवर बादल्या तापवायचो. मी तर पाणी निवलं तर परत तापवायचो, आत बसून गाणी म्हणत. हीटर खात होताच, भरपूर खात होता. फक्त समोरच्या घरातलं खात होता.

आणि त्याच थंडीत काकू बादली गच्चीवर उन्हात ठेवायच्या. बाहेरनं काळा रंग लावलेली बादली, वर काचेचा तुकडा झाकण म्हणून. अप्पांच्या अंघोळीचं पाणी. ऊन नसलं तर नुसतं गार. मी त्यांना सोलर काकू नाव ठेवलं होतं. जिन्यात बादली घेऊन उतरताना दिसल्या की म्हणायचो, "काय सोलर काकू, आज ढग आहेत, मीटर बंद?" त्या हसायच्या. म्हणायच्या, "काय करू रे बाबा, बिल काही केल्या खाली येत नाही. मी आणि अप्पा दोघंच, आणि बिल बघावं तर गिरणीचं."

अप्पांचा खोकला थंडीत सुरू झाला तो अजून आहे. रोज पहाटे आम्हाला ऐकू येतो. मी उशी कानावर घ्यायचो.

या महिन्यात त्यांचं बिल कमी आलं. म्हणजे माझ्या चादरीचं, माझ्या रबराचं, बहिणीच्या जिन्यातल्या अभ्यासाचं. काकू इतक्या खूश होत्या की मला थांबवून माझ्या पँटची उसवलेली शिवण फुकट घालून दिली. "तोंड गोड कर म्हणाले असते, घरात काही नाही, हे घे," म्हणाल्या. तीच पँट घालून मी आज त्यांच्या दारात ओरडलो.

बाबा दुपारी जेवायला आले तेव्हा मी सांगितलं. आईचीही ड्युटी सुटली होती. मी एकदम सगळं सांगितलं, आडवंतिडवं. बाबांनी घास तोंडातच धरला. मग चावला, गिळला.

"कोणाला बोललास?"

"अजून नाही."

"बोलू नकोस."

"बाबा, काकूंचं काम गेलं."

"काम काय, दुसरं मिळेल. गळा फाडून तू ओरडलास, मी नाही. आता ती मागचं सगळं मागायला बसली तर? मालक म्हणेल तुमचं तुम्ही बघा. चार दिवसांनी मी हळूच किल्लीवाल्याला आकडे बदलायला सांगतो. कोणाला पत्ता लागणार नाही. गप्प बस आता."

पंखा बंद कर म्हणून दारातनं ओरडणारा माणूस हळू आवाजात बोलत होता, भिंतीपलीकडे जाऊ नये म्हणून. ते ऐकवेना मला. मला वाटलं, आई काहीतरी बोलेल. ती ताटाकडे बघत म्हणाली, "थंडीत मी केस धुवायला दोन बादल्या घ्यायचे." बस. एवढंच. आणि उठून पंखा बंद केला. कोणी सांगितलं नव्हतं.

मी चप्पल न घालताच समोर गेलो. पाच पावलं असतील. काकूंचं दार लोटलेलं. आत मशीनवर कापड टाकलेलं, जमिनीवर नुसते दोऱ्याचे तुकडे, त्या ते वेचून डबीत भरत होत्या. मेन मी पाडला होता तसाच खाली. अप्पा खाटेवर, छातीवर ओलं फडकं, हातात पुठ्ठा, वारा घेत होते.

"काकू, मेन वर करू?"

"राहू दे. सवय आहे."

मी दाराच्या चौकटीला धरून सांगितलं. मीटर, रंग, आकडे, हीटर. हीटरचं सांगायचं नव्हतं, तोंडातनं निघून गेलं.  त्या दोरे वेचता वेचता थांबल्या. एकदाच विचारलं, "म्हणजे थंडीत पण?"

"हो."

त्यांनी अप्पांकडे बघितलं.

"काय म्हणतोय पोरगा?" अप्पांनी विचारलं.

"काही नाही अप्पा, मीटरचं सांगतोय."

"बिल आणखी कमी येणार का?"

काकूंनी त्यांच्या छातीवरचं फडकं उलटं केलं. मी म्हटलं, "काकू, चुकलं माझं." आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं असेन, आणि ते इतकं बारीक निघालं की मलाच नीट ऐकू आलं नाही.

"चोर म्हणालास तेव्हा गच्चीवर ऐकू गेलं," काकू म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "आता माझ्या कानात कशाला सांगतोस? मला माहीतच होतं मी चोर नाही."

मी चौकट सोडली. 

"मॅडम संध्याकाळी तो माल दुसऱ्या बाईकडे देणार," त्या म्हणाल्या. "दुकान चारला उघडतं. तिथे गिऱ्हाईक असतात, पोरी असतात कामाच्या. तिथे बोलशील? त्याच आवाजात?"

मी मान हलवली.

"मान मला दाखवू नकोस. तिला दाखव."

तेव्हापासून मी जिन्यात बसलोय, बहिणीच्या जागेवर, दिव्याखाली. आधी गच्चीवर जाऊन त्या बायकांना सांगितलं. एक म्हणाली, "मग सकाळी कशाला बोंबललास?" दुसरी हसली. किल्लीवाल्यांनी दार उघडून ऐकलं आणि म्हणाले, रंगवणाऱ्याची चूक, माझी काय त्यात. खरवडलेला आकडा दाखवला तर म्हणाले पेटीचा रंग का काढलास. तिथेही मी मोठ्यानंच बोललो. आवाज फाटत होता, पण बोललो. जेवढ्या मोठ्यानं बोलतो तेवढं अंग जास्त भाजतं. सकाळी उलटं होत होतं.

आमच्या घरातनं बाबांची हाक आली, "कुठंयस रे? आत ये! तुला काय सांगितलं होतं मी?" पंखा बंद आहे म्हणून त्यांचा आवाज स्वच्छ ऐकू येतो. त्यांनी उंबऱ्यात येऊन उभं राहून माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. ओरडतील वाटलं. ओरडले असते तर सोपं झालं असतं. ते म्हणाले, "दुकानात जाऊन बोललास तर लोक आपल्याला काय म्हणतील, कळतंय का?"

"कळतंय," मी म्हटलं. "सकाळी मी तेच म्हटलं होतं काकूंना."

त्यावर ते आत गेले. दार बंद नाही केलं. आत बहीण काहीतरी बोलत होती.

पलीकडे काकूंचा मेन वर झाल्याचा खटका ऐकू आला. मग त्यांच्या पंख्याचा आवाज, बेअरिंग गेलेलं आहे त्याचं, कुरकुरतो. जुनी मोटार उघडायला मी गॅरेजात शिकलोय, तो मला दुरुस्त करता येईल. पण ते आत्ता बोलायचं तोंड नाही.

काकू चपला घालून बाहेर आल्या. पदर खांद्यावरनं घट्ट घेतलाय. माझ्याकडे न बघता एक पायरी उतरून थांबल्यात. चार वाजले असावेत.

मला आता निघायला हवं.